गावाकडची मिरगी: किती, आणि कोणती?

तुमच्या कंपनीच्या इमारतीत हजार माणसं काम करत असतील, तर त्यातल्या पाचएक जणांना मिरगी असण्याची शक्यता आहे. भारतात आजवर झालेल्या पाहण्यांची सरासरी साधारण तेवढी येते. आता आठवून बघा, यातली एक तरी व्यक्ती तुम्हाला माहीत आहे का? डायबेटिस कोणाला आहे, कोणाचा मणका दुखतो, कोणाचं थायरॉइड वाढलंय हे सगळं कँटीनमध्ये आपोआप कळतं. मिरगीचं कळत नाही. हातात विम्याचं कार्ड आणि दोन किलोमीटरवर मेंदूचा डॉक्टर असलेली माणसं जर ही गोष्ट लपवतात, तर तालुक्यापासून वीस किलोमीटर आत राहणाऱ्या आणि मुलीचं लग्न ठरवायला निघालेल्या बापाने ती लपवली तर नवल काय?

या वीकांताचा विषय हाच. खेड्यात मिरगी किती आहे, आणि मुख्य म्हणजे कोणत्या प्रकारची आहे.

मी डॉक्टर नाही. संगणकावर पोट भरणारा माणूस आहे, पण आकडे कसे गोळा होतात आणि गोळा होताना कुठे गळतात हे बघायची सवय आहे. त्या सवयीतून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो. 'किती' याचे आकडे आपल्याकडे बऱ्यापैकी आहेत. 'कोणती' याचे फार थोडे आहेत. आणि 'कोणती' हे कळत नाही तोवर त्यातली कोणती टाळता आली असती, कोणती स्वस्तातल्या गोळीने ताब्यात राहिली असती आणि कोणत्या माणसाला चुकीची गोळी चालू आहे, यातलं काहीच कळत नाही.

आधी 'किती' बघू. १९९९ साली श्रीधरन आणि मूर्ती यांनी भारतातल्या तोवरच्या पाहण्या एकत्र करून हिशोब मांडला. उत्तर आलं दर हजारी ५.५९. शहर आणि खेडं यांत म्हणण्यासारखा फरक त्यांना सापडला नाही. मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये १९८० च्या दशकात पाहणी झाली होती, तिथे हजारी ४.७. कर्नाटकातल्या यळंदूर तालुक्यात (आताचा चामराजनगर जिल्हा) डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून मोजणी केली, तिथे ४.६३. केरळात सुमारे दोन लाख अडतीस हजार लोकांच्या पाहणीत ४.९. म्हणजे कुलाब्याच्या पारशी कॉलनीपासून यळंदूरच्या शेतवस्तीपर्यंत आकडा जवळजवळ तोच!

आता याला छेद देणारी एक पाहणी. बंगळूर शहर आणि आजूबाजूची खेडी मिळून लाखभर लोकांची पाहणी झाली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. यात शहराचा आणि गावाचा हिशोब एकाच पद्धतीने, एकाच गटाने केला होता. शहरात हजारी ५.७ आणि गावात ११.९. सरळ दुप्पट.

मग खरं काय? मला वाटतं उत्तराचा बराचसा भाग 'कोण विचारतंय आणि काय विचारतंय' यात आहे. अशी पाहणी दोन टप्प्यांत होते. आधी प्रशिक्षण दिलेला कार्यकर्ता घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारतो. ज्या घरातून 'हो' येतं, तिथे नंतर डॉक्टर जातात. म्हणजे सगळी मदार पहिल्या 'हो' वर. आणि 'घरात कोणाला फिट येते का, कधी बेशुद्ध पडून हातपाय झाडले का, तोंडाला फेस आला का' या प्रश्नांना 'हो' म्हणायचं, तर ते गावभर होण्याची तयारी हवी. शिवाय घरच्यांच्या डोक्यात फिट म्हणजे काय याचं एकच चित्र असतं. धाडकन पडणं, हातपाय ताठ होणं, झटके, दातखीळ, आणि मग कोणीतरी नाकाला कांदा किंवा चप्पल लावणं.

पण हा फक्त एक प्रकार झाला. मिरगी म्हणजे मेंदूच्या पेशींमधून विजेचे संदेश अचानक आणि एकाच वेळी उसळणं, आणि ते पुन्हा पुन्हा होणं. ही उसळी कुठून सुरू होते यावर प्रकार ठरतात. मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदमच सुरू झाली तर ती जनरलाइज्ड, आणि एका कोपऱ्यात सुरू झाली तर फोकल. यांच्या पोटात पुन्हा किती तरी प्रकार.

वर्गात बसलेली आठ वर्षांची मुलगी आठ-दहा सेकंद शून्यात बघत राहते, हातातली पेन्सिल थांबते आणि मग काही झालंच नाही अशी पुढे लिहू लागते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. ही अबसेन्स प्रकारची मिरगी. बाई म्हणतात, 'लक्ष नसतं हिचं.' सोळा वर्षांचा मुलगा, रात्री जत्रेत जागलेला. सकाळी उठल्यावर हाताला झटका बसून चहाचा कप उडतो. घरचे म्हणतात, 'वेंधळा आहे.' ही किशोरवयात सुरू होणारी मायोक्लोनिक मिरगी असू शकते. चाळिशीची बाई बोलता बोलता गप्प होते, ओठ चाटते, पदराशी चाळा करते, विचारलं तर भलतंच काही पुटपुटते, आणि दोन मिनिटांनी तिला यातलं काही आठवत नाही. ही फोकल मिरगी, बहुतेक वेळा कानामागच्या टेम्पोरल भागातली. गावात हिला 'बाहेरचं आहे' म्हणतात आणि अमावास्येला भगताकडे नेतात.

यातल्या एकाही घरातून पाहणीवाल्याला 'हो' मिळणार नाही. कारण ते खोटं बोलत नसतात, त्यांच्या मते घरात मिरगी नसतेच.

आपल्या धंद्यात याला तोड आहे. ज्या सिस्टिममध्ये लॉगिंगच नाही, तिचा बग ट्रॅकर उघडा. त्यात फक्त क्रॅश दिसतील. सर्व्हर बसला की सगळे ओरडतात. पण दहा सेकंद अडकून आपोआप पुढे गेलेली रिक्वेस्ट कोणीच नोंदवत नाही. मग कोणी मॅनेजर म्हणाला की 'आपल्याकडे क्रॅश सोडून दुसरे बग फारसे नाहीत', तर तुम्ही हसाल. खेड्यातल्या पाहण्यांत हेच होतं. केरळच्या त्या मोठ्या पाहणीत निम्म्याहून जास्त रुग्ण जनरलाइज्ड गटात गेले. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावात, जिथे मेयो क्लिनिकमुळे प्रत्येकाची वर्षानुवर्षांची कागदपत्रं आणि ईईजी हाताशी होते, तिथे निम्म्याहून जास्त फोकल निघाले. दोन्हीकडच्या मेंदूंत इतका फरक असेल हे मला तरी पटत नाही. फोकल उसळी काही सेकंदांत सगळ्या मेंदूभर पसरते, बघणाऱ्याला फक्त शेवटचे झटके दिसतात, आणि ईईजी नसेल तर कागदावर जनरलाइज्ड लिहिलं जातं.

हे झालं 'सुरुवात कुठून' या रकान्याबद्दल. दुसरा रकाना 'कारण काय' हा आहे, आणि खेड्याच्या बाबतीत मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण इथे गाव खरोखरच वेगळं आहे.

पहिलं कारण पोटातल्या किड्याचं. वेल्लोर जिल्ह्यातल्या पाहणीत चालू मिरगी असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये न्यूरोसिस्टिसर्कोसिस सापडला, म्हणजे डुकरांमार्फत पसरणाऱ्या टेपवर्मच्या अळीची मेंदूत बसलेली गाठ. लखनौजवळच्या डुकरं पाळणाऱ्या वस्त्यांत तर १०० पैकी जवळपास सहा लोकांना चालू मिरगी होती, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मागे हाच किडा. हजारी नव्हे, शेकडा सहा!

इथे शाकाहारी वाचक निश्चिंत होतील, म्हणून सांगतो. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर पोटात टेपवर्म होतो, मेंदूत गाठ होत नाही. मेंदूतली गाठ होते ती त्या टेपवर्मची अंडी गिळल्याने, आणि अंडी येतात पोटात टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. उघड्यावर शौच, तेच पाणी शेताला, तीच कोथिंबीर आणि मुळा कच्चा. किंवा न धुतलेल्या हातांनी वाढलेलं जेवण. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या कडव्या ज्यू कुटुंबांत हा आजार सापडला. डुकराला स्पर्श न करणारी माणसं! अंडी बहुधा लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामाच्या बायकांमार्फत आली असावीत, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा प्रश्न ताटात काय आहे याचा नाही, गावात संडास आहे का आणि तो वापरला जातो का, याचा आहे.

वेल्लोरच्याच ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चंडी आणि राजशेखर या डॉक्टरांनी १९९० च्या आसपास आणखी एक मोलाचं काम केलं. भारतातल्या रुग्णांच्या सीटी स्कॅनमध्ये एकच छोटी चकाकणारी गाठ वारंवार दिसायची. ती क्षयाची समजून लोकांना महिनोन्महिने टीबीची औषधं दिली जात. यांनी दाखवलं की त्यातल्या बहुतेक गाठी या अळीच्या आहेत आणि बऱ्याचशा काही महिन्यांत आपोआप विरतात. अशा रुग्णाला मिरगीची गोळीही बहुधा थोडाच काळ लागते. प्रकार ओळखण्याचा फायदा म्हणजे नेमका हा.

दुसरं कारण जन्माच्या वेळचं. बाळंतपण अडलं, बाळ उशिरा रडलं, मेंदूला प्राणवायू कमी पडला, की पुढे झटके येण्याचा धोका वाढतो. तिसरं, मेंदूज्वर. पूर्व उत्तर प्रदेशात जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्या अनेक मुलांना पुढे मिरगी जडली. चौथं, डोक्याला मार. गावात आता मोटरसायकल घरटी आहे, हेल्मेट नाही.

आणि एक अगदी स्थानिक प्रकार. म्हैसूर-मंड्या भागात डोक्यावरून कढत पाण्याचे तांबे भराभर ओतून न्हाण्याची रीत आहे. तिथे काही लोकांना न्हाताना फिट येते, इतर वेळी नाही. याला हॉट वॉटर एपिलेप्सी म्हणतात आणि जगात इतरत्र ती विरळा आहे. बंगळूरच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी यावर भरपूर काम केलंय. पाणी कोमट ठेवणं, किंवा न्हाण्याच्या दीड-दोन तास आधी क्लोबाझामची गोळी, एवढ्यावर अनेकांचं भागतं. ज्या पाहणीत 'न्हाताना काही होतं का' हा प्रश्नच नाही, तिला ही मिरगी वेगळी कशी दिसणार?

आता थोडं गणित. रांगेचा सिद्धांत शिकलेल्यांना लिटलचा नियम आठवत असेल. रांगेतली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले रांगेतला सरासरी वेळ. यळंदूरमध्ये दर लाखी दर वर्षी सुमारे ४९ नवे रुग्ण आणि एकूण रुग्ण लाखी ४६३. भागाकार येतो साधारण साडेनऊ वर्षं. म्हणजे ढोबळमानाने माणूस मिरगीच्या मोजणीत साडेनऊ वर्षं राहतो आणि मग बाहेर पडतो. जो आजार बऱ्याच जणांना विशीच्या आत सुरू होतो, त्यातून माणसं साडेनऊ वर्षांत कुठे जातात?

तीन दरवाजे आहेत. एक, बरं होणं. अळीची गाठ विरते, लहानपणची काही मिरगी वयाबरोबर जाते. हा मोठा दरवाजा आहे आणि आनंदाचा आहे. दुसरा, सांगणं बंद करणं. मुलगी लग्नाची झाली की तिची मिरगी घरच्यांपुरती बरी होते. आणि तिसरा, मरण. फिट चुलीजवळ येते, विहिरीच्या काठावर येते, ओढ्यात कपडे धुताना येते. ग्रामीण चीनमध्ये मिरगीच्या रुग्णांचा पाठपुरावा केला तेव्हा त्यांचं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळपास चौपट निघालं, आणि त्यात अपघात आणि बुडून झालेले मृत्यू ठळक होते. आपल्याकडे अशा मृत्यूची नोंद 'पाय घसरून विहिरीत पडली' अशी होते. कमी आकडा बघून खूश होण्याआधी माणसं कोणत्या दरवाजाने गेली ते विचारायला हवं.

हे सगळं चीड आणणारं का आहे? कारण औषध आहे. फेनोबार्बिटोन १९१२ पासून मिरगीवर वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने रोजच्या गोळीचा खर्च वर्षाला ५ डॉलरपर्यंत खाली येऊ शकतो, म्हणजे चार-पाचशे रुपये. आपल्या एका शुक्रवारच्या पिझ्झाचं बिल. नीट निदान आणि औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात, हेही तीच संघटना सांगते. यळंदूरच्या गटाने फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन ही दोन जुनी, स्वस्त औषधं खेड्यात देऊन त्याचे निकाल २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. उपचार खेड्यात जमतो, आणि फार झटके येऊन जायच्या आत सुरू केला तर जास्त चांगला जमतो. चीनमध्ये गावपातळीवरच्या साध्या डॉक्टरांनी २,४५५ रुग्णांना फेनोबार्बिटोन दिलं. वर्षभर औषध घेतलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांचे झटके निम्म्याहून कमी झाले.

आणि तरीही भारतात उपचाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण शहरी मध्यमवर्गात वीस-बावीस टक्के असेल, तर काही खेड्यांत ते ९० टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं.

याचं खापर फक्त भगतावर फोडणं मला पटत नाही. माणूस भगताकडे जातो कारण भगत गावात आहे आणि उधारीवर आहे. डॉक्टरकडे जायचं म्हणजे जिल्ह्याला जाणं, एसटीचं भाडं, दोघांची मजुरी बुडणं, वर 'स्कॅन करून आणा'. गोळ्या मिळाल्या तर महिन्याच्या. पुढच्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा संपलेला. मिरगीची गोळी अशी अचानक थांबली की झटके उलट जोराने येतात. मग घरचे म्हणतात, 'औषधाने वाढलं.' त्यांच्या डोळ्यांना दिसलं ते तेच, त्यांचं काय चुकलं?

तुमच्यातले जाणकार म्हणतील, बाबा रे, सगळ्यांना एकच जुनी गोळी वाटणं धोक्याचं नाही का? रास्त आक्षेप आहे. फेनोबार्बिटोनने झोप येते, काही मुलं चिडचिडी होतात, आणि अबसेन्स प्रकारात ते कामाचं नाही. किशोरवयीन मायोक्लोनिक मिरगीत कार्बामाझेपिन दिलं तर झटके वाढू शकतात. म्हणूनच तर मी 'कोणती' यावर एवढा अडून बसलोय. पण प्रकार ओळखायला प्रत्येक तालुक्यात एमआरआय लागतो असंही नाही. अर्धं निदान नीट विचारलेल्या प्रश्नांत असतं. आणि आता तर गावात घरोघर स्मार्टफोन आहे. फिट येताना घरच्यांनी मिनिटभराचा व्हिडिओ काढला, तर दूरवरच्या तज्ज्ञाला अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त कळतं. ई-संजीवनीसारखी दूरवैद्यकाची सरकारी सोयही आहे. तुकडे सगळे आहेत, ते जोडायचं काम बाकी आहे.

'गावच्या बाईला कुठे जमणार' हे तर महाराष्ट्रात कोणी म्हणूच नये. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, उशिरा रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायलाही. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ज्या आशाताई आज बाळाचं वजन आणि टीबीच्या गोळ्या सांभाळतात, त्यांना मिरगीचे पाच-सहा प्रश्न आणि गोळ्यांची तारीख सांभाळणं जड नाही. फक्त त्याचा मोबदला द्यावा. फुकटात आणखी एक रजिस्टर त्यांच्या गळ्यात बांधू नये.

थोडक्यात माझ्या मागण्या तीन. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिरगीची किमान दोन-तीन औषधं, आणि साठा शून्यावर जाणं ही गंभीर चूक मानली जावी. आशाताईंच्या प्रश्नांत 'पडून झटके येतात का' याच्या जोडीला 'शून्यात बघतो का, सकाळी हातातून वस्तू उडतात का, मध्येच भान हरपून चाळा करतो का' हेही असावं. आणि संडास, सुरक्षित बाळंतपण, हेल्मेट या गोष्टी मिरगीच्या प्रतिबंधाचा भाग म्हणून मोजल्या जाव्यात. जागतिक आरोग्य सभेने २०२२ मध्ये ठरवलेलं २०३१ पर्यंतचं लक्ष्यही याच दिशेचं आहे. ८० टक्के लोकांना परवडणारं औषध मिळावं आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांचे झटके आटोक्यात यावेत.

आणि आपण शहरातल्यांनी काय करायचं? फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर रुग्णवाहिका. कांदा आणि चप्पल जागच्या जागी ठेवायची. पण त्याहून मोठं काम लाज कमी करण्याचं आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मिरगी ही लग्नाला बाधा आणणारी गोष्ट म्हणून लिहिलेली होती. ती ओळ १९९९ मध्ये काढली गेली. पुस्तकातून जाऊन पाव शतक झालं, बैठकीतून मात्र गेली नाही. स्थळं बघताना आपणच 'घराण्यात फिट-बिट नाही ना' असं विचारत असू, तर गावातल्या त्या बापाने पाहणीवाल्याला 'हो' म्हणावं अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?